गाडी कायदेशीर ठरेपर्यंत पाकीट माझ्याकडे

फोर्टातल्या आमच्या ऑफिसात भिशीपासून दिवाळीच्या फराळापर्यंत सगळ्यांचे पैसे माझ्याकडे जमा होतात. 2009 साली फॉर्म्युला वनच्या पैजेचं पाकीटही त्यामुळेच माझ्या ड्रॉवरमध्ये आलं. नियम साधा होता. शर्यतीआधी चिठ्ठीवर ड्रायव्हरचं नाव लिहायचं, ज्याचा पहिला येईल त्याला सगळी रक्कम. शिवाय ‘तिसरा कोण’ यावर एक छोटी पैज.

29 मार्चला मेलबर्नला जेन्सन बटन जिंकला. होंडाने गाशा गुंडाळल्यावर रॉस ब्रॉनने वाचवलेल्या टीमची ती पहिलीच शर्यत. बटनची चिठ्ठी एकट्या मंदारची. सोमवारी तो पैसे मागायला आला आणि पाठोपाठ शिरीष हजर. त्याचा अलॉन्सो पाचवा होता.

“देऊ नकोस. गाडीच बेकायदेशीर आहे.”

भांडण डिफ्यूझरचं होतं, म्हणजे तळाखालची हवा बाहेर काढून गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणाऱ्या मागच्या भागाचं. नियमाने मागच्या डिफ्यूझरची उंची 175 मिलिमीटरवर बांधून ठेवली होती. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्सने गाडीच्या तळाच्या दोन पातळ्यांमध्ये फट ठेवून हवा वरच्या मजल्यात नेली, चाळीच्या खोलीत पोटमाळा काढावा तशी. स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, गाड्या पास केल्या होत्या, पण फेरारी, रेनो, रेड बुल वगैरेंचं अपील पॅरिसच्या अपील कोर्टात जायचं होतं. पुढे गुरुवारी सुधारित निकाल आला, तेव्हा शिरीषने त्याच्या प्रिंटआउटवर त्या टीमच्या नावांवर लाल पेनने काट मारली. बटन, बॅरिकेलो, ट्रुली, ग्लॉक गेले, वर राहिला अलॉन्सो! हिशेब बरोबर होता, हीच पंचाईत.

तिसऱ्या नंबरची तर नुसती शोभा. पोडियमवर उभा राहिला ट्रुली. मग सेफ्टी कारमागे (अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे संथ धावणारी गाडी, तिच्यामागे कुणाला ओलांडायचं नसतं) हॅमिल्टनला ओलांडलं म्हणून त्याला 25 सेकंदांची शिक्षा, आणि तिसरा हॅमिल्टन. मग गुरुवारी कळलं, हॅमिल्टनने स्टुअर्ड्सची दिशाभूल केली म्हणून तो बाद आणि पुन्हा ट्रुली तिसरा. प्राची मधल्या काळात विजेती होती आणि तिने सगळ्यांना कटिंगही पाजला होता.

लीगलच्या मॅडमना विचारलं. त्या हसल्याच. “काँट्रॅक्ट ॲक्ट, कलम 30. पैजेचा करार मुळातच रद्दबातल, वसुलीला कोर्टात जाता येत नाही. सूट आहे ती घोड्यांच्या शर्यतीतल्या बक्षिसाच्या वर्गणीला, तीही बक्षीस पाचशे किंवा जास्त असेल तर. आणि हे मी काही ऐकलेलं नाही.”

मार्ग काढला तो डिस्पॅचच्या सावंतकाकांनी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्यांची हयात गेलेली. “हे बघ, घोडा पहिला आला म्हणून लगेच पैशांची खिडकी उघडत नाही. आधी जॉकीचं वजन होतं. हरकत आली तर स्टुअर्ड्स फिल्म बघतात, पेमेंट थांबतं. ते मोकळं झालं की पैसे दिले, संपलं. नंतर घोड्याच्या लघवीत औषध सापडलं तर मालकाचं बक्षीस जाईल, पण पैसे लावणाऱ्या पंटरच्या खिशात कुणी हात घालत नाही.”

इंग्लंडातले बहुतेक बुकी पोडियमवरच निकाल धरतात, असं मंदारचं म्हणणं. ते चूक नव्हतं. पण इथे गाड्यांवरची हरकत शर्यतीच्या आधीपासूनच लागलेली होती, त्यामुळे मला काकांचंच पटलं. पाकीट बंद केलं, त्यावर मंदार आणि शिरीष दोघांच्या सह्या घेतल्या आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

मधे मलेशियाची शर्यत झाली. पावसाने ती अर्ध्यात थांबली, पुन्हा बटन, पुन्हा मंदार. गुण अर्धे दिले म्हणून पैसेही अर्धेच द्यावेत, असा शिरीषचा नवा मुद्दा. त्यावर मी उत्तरही दिलं नाही. दुसरं पाकीट पहिल्याच्या खाली ठेवलं.

14 एप्रिलला पॅरिसला सुनावणी झाली, दुसऱ्या दिवशी निकाल आला: गाड्या कायदेशीर. दोन्ही पाकिटं मंदारला दिली. ट्रुलीची चिठ्ठी कुणाचीच नव्हती, म्हणून तिसऱ्या नंबरचे पैसे ज्याचे त्याला परत केले. प्राचीने त्यातून आपल्या कटिंगचा खर्च मागितला, तो मात्र मिळाला नाही.

त्याच रविवारी चीनला वेटेल जिंकला, रेड बुलच्या एकमजली डिफ्यूझरवर. त्याच्या नावाची चिठ्ठी एकाचीही नव्हती. शिरीषचे पैसे त्यातही अडकले होते, तरी सोमवारी तो सगळ्या मजल्यावर पेढे वाटल्याच्या थाटात फिरत होता. रक्कम बहरीनच्या पाकिटात टाकली.