जेंडर चेंजर लागला तिथेच थांबायला हवं होतं

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आत्ता जेवण झालं. हाताला अजून सोल्डरिंगच्या फ्लक्सचा वास येतोय, दोनदा साबण लावला तरी जात नाही.

आज महापेला एका कंपनीत गेलो होतो, पंपहाऊसचं काम. काम म्हणजे काय, तिथला जुना पीसी मेला, त्याच्या जागी छोटा मिनी पीसी बसवायचा आणि त्याला जुनाच जीएसएम मोडेम (सिमकार्ड टाकून मेसेज पाठवणारा डबा) जोडायचा, टाकीचं पाणी खाली गेलं की मोडेममधून पंपवाल्या काकांना एसएमएस जातो, बस एवढंच. ऑफिसात निघताना सांगून आलो होतो की दुपारच्या जेवणाला परत येतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले.

पहिली गोष्ट, नवीन पीसीला सीरियल पोर्टच नाही, म्हणजे मोडेम जोडायचं जुनं नऊ पिनचं कनेक्शन. आता बहुतेक पीसींना नसतो, ते माहीत होतं, यूएसबीचा सीरियल करून देणारा कन्व्हर्टर बॅगेत होता. लावला तर पीसीने पोर्टला नंबर दिला कॉम ७, आणि ते एसएमएसवालं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याच्या यादीत कॉम १ ते ४ च. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर बदलून कॉम २ केला. हे पाच मिनिटांत झालं म्हणून मी खुशीत, म्हटलं आज लवकर सुटतोय.

मग केबल. बॅगेत एक नऊ पिनची केबल होती, दोन्ही टोकं फिमेल, म्हणजे पिनांऐवजी भोकं. मोडेमवरचा सॉकेटही फिमेल. बसेना. तर बॅगेच्या कोपऱ्यातून जेंडर चेंजर (दोन्हीकडे पिना असलेला जोडतुकडा) काढला, मध्ये लावला, स्क्रू आवळले. टर्मिनल, म्हणजे मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम, उघडून एटी टाईप केलं, एंटर मारला. काही नाही. परत मारला. स्क्रीन कोरीच.

आता एटी म्हणजे अटेंशन, १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आलेली पद्धत, मोडेम जिवंत असेल तर तो ओके म्हणतोच म्हणतो. मग मी पोर्टचा स्पीड ९६०० केला, १९२०० केला, ११५२०० केला, फ्लो कंट्रोल (थांब-पाठव असे इशारे) चालू केला, बंद केला, ड्रायव्हर काढून परत टाकला, सिमकार्ड काढून बनियनला पुसलं (सिमचा आणि ओकेचा काही संबंध नाही, पण माणूस अडला की काहीही करतो).

मग लूपबॅक टेस्ट केली, म्हणजे पाठवलेलं स्वतःकडेच परत येतंय का ते बघायचं. कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक धरलं, टाईप केलेलं अक्षर परत स्क्रीनवर आलं, म्हणजे कन्व्हर्टर ठीक. मग केबल लावून तिच्या शेवटच्या टोकाला स्टेपलरची पिन वाकवून २ आणि ३ मध्ये खोचली, तिथूनही अक्षरं परत. म्हणजे केबल पण ठीक, म्हणजे मोडेम मेला. ऑफिसला फोन करून नवीन मोडेमचं कोटेशन काढायला सांगितलं सुद्धा. इथे एक तास गेला आणि चूक नेमकी इथे होती, कारण केबलमध्ये २ आणि ३ सरळ असोत की उलटसुलट, शेवटी तुम्ही दोघांना जोडलंत तर अक्षर परत येणारच. ही टेस्ट वायर तुटली आहे का ते सांगते, योग्य आहे का ते सांगत नाही.

काका इतका वेळ दारात स्टूल टाकून बसले होते. चहा आणला त्यांनी, आणि म्हणाले, "साहेब, मोटर उलटी फिरली की आम्ही दोन फेज अदलाबदल करतो, तसं काही नसतं का यात?"

मी हसलो. आणि हसता हसता गप्प झालो.

मल्टिमीटर काढला. सीरियलमध्ये जो बोलतो त्याच्या पिनेवर, तो गप्प असतानाही, ग्राउंडच्या मानाने मायनस व्होल्टेज असतं. पीसीकडे ३ नंबरवर मायनस साडेपाच. मोडेमकडे २ नंबरवर मायनस. बरोबर, पीसी ३ वर बोलतो, मोडेम २ वर, म्हणून मोडेमला सरळ केबल लागते, २ ला २, ३ ला ३. आणि माझी केबल? मीटर बीपवर टाकून बघितली (वायर जोडलेली असली की बीप वाजतो), २ ते २ शांत, २ ते ३ बीप. नल मोडेम! दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची क्रॉस केबल. म्हणजे पीसी आणि मोडेम दोघंही एकाच वायरवर बोलत होते आणि दुसऱ्या वायरला दोघंही कान लावून बसले होते.

पीसीचा पोर्ट मेल, मोडेमचा फिमेल, सरळ केबल हातात असती तर तशीच बसली असती. जेंडर चेंजर शोधावा लागला तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ते कनेक्टर मुद्दाम तसे ठेवलेत, आणि आम्ही शहाणे छोटासा जुगाड लावून त्यांना गप्प करतो.

कंपनीला शिव्या घालाव्यात तर तेही नाही, केबल मीच कधीतरी पीएलसीसाठी (मशीन चालवणारा कंट्रोलर) सोल्डर केलेली, वर चिकटपट्टी आहे, त्यावर पेनाने काहीतरी लिहिलंय ते घामाने पुसून गेलंय. अक्षर माझंच.

एक बरं, घरी केलेली असल्यामुळे कनेक्टरचा हूड, म्हणजे वरचं कव्हर, उघडता आला, बाजारातली मोल्डेड असती तर कापावी लागली असती. बाकीच्या सगळ्या वायरी तोडल्या, २, ३ आणि ग्राउंडची ५ तेवढ्या ठेवल्या, २ आणि ३ अदलाबदल करून डाग दिले, फ्लो कंट्रोल बंद केला. एसएमएसला तेवढं पुरतं.

एटी. एंटर. ओके.

नौपाड्यातल्या घरी दादाने पहिला मोडेम आणला होता ते आठवलं, २५ पिनचा, वीटेएवढा. कॉम १ वर माउस आणि कॉम ३ वर मोडेम, दोघांचा आयआरक्यू (कॉम्प्युटरला हाक मारायची लाइन) एकच, त्यामुळे फोन लागला की माउस मरायचा. आम्ही टॅब दाबत दाबत ईमेल वाचायचो आणि आई बाहेरून ओरडायची की फोन कधी मोकळा होणार. तेव्हाही ओके दिसलं की असंच वाटायचं.

एटी प्लस सीएसक्यू, म्हणजे सिग्नल विचारायची कमांड, दिली, सिग्नल ३१ पैकी १४, चालेल. ऑफिसला फोन केला, कोटेशन थांबवा. पलीकडून कोणीतरी हसलं. मग टाकीतला फ्लोट (पाण्याबरोबर वरखाली होणारा) हाताने खाली दाबून टेस्ट मेसेज सोडला. दहा-बारा सेकंदांत काकांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, मेसेज वाचला, "टाकी लो लेव्हल", फोन खिशात ठेवला आणि टॉर्च घेऊन उठले.

म्हटलं, "काका, टेस्ट होती ती."

"हो हो," म्हणाले, "पण एकदा बघून येतो."