लेटोलीची पावलं बघायला जाताय? ती मातीखाली आहेत

टांझानियाच्या टूरवाल्यांच्या पत्रकात लेटोलीतली मानवाच्या पूर्वजांची ‘३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं’ फोटोसकट असतात. तो फोटो जुना आहे. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांच्या चमूला १९७८मध्ये हा माग सापडला आणि पुढच्याच वर्षी तो वाळू-मातीनं झाकला गेला. त्या भरावात बाभळी उगवल्या, मुळं ठशांत घुसायला लागली. म्हणून १९९५-९६मध्ये झाडं काढून, वर जिओटेक्स्टाइल कापड, वाळू आणि दगड घालून तो पुन्हा पुरला. आता दिसतो तो दगडांचा उंचवटा. त्यासाठी ओल्डुवाईच्या घळीहून दक्षिणेला ४५ किलोमीटर हाडं खिळखिळी करून जाऊ नका. ठशांचा साचा ओल्डुवाईच्या म्युझियममध्येच आहे.

‘झिंज’ या मानवाच्या प्राचीन नातलगाच्या कवटीचंही तेच. १७ जुलै १९५९ला ती सापडली या घळीत, पण मूळ कवटी दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. इथे आहे ती नक्कल.

तरी ओल्डुवाई चुकवू नका, पण जायचं ते थरांसाठी. कठड्यावरून लालभडक पट्टा दिसतो तो तिसरा थर. झिंज त्याच्या बरीच खाली, पहिल्या थरात, साडेसतरा लाख वर्षं जुनी. डायनोथेरियम, म्हणजे खालच्या जबड्यातून सुळे खाली वळलेला हत्तीचा भाऊबंद, त्याचीही हाडं याच घळीतली. झिंज सापडली त्या जागेवर खुणेची पाटी बसवली आहे. तिथे उतरायला वाटाड्या आणि गाडी लागते. दोन तास थांबायचं हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर ड्रायव्हर अर्ध्या तासात गुंडाळतो.

रस्ता? सिमेंटच्या पत्र्यांवरून आडवी गाडी हाकावी तसा. हादरे कमी व्हावेत म्हणून ड्रायव्हर वेग वाढवतात. चाकं उंचवट्यांवरूनच पळतात आणि वळणावर पकड सुटते. त्याला हळू घ्यायला सांगा. कॅमेऱ्याची लेन्स या पट्ट्यात बदलायची नाही, धूळ पिठासारखी बारीक आहे. मार्च ते मे पावसाचे, तेव्हा नकोच.

आता पैसे. ओल्डुवाई ज्यात येतं त्या गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राचं शुल्क २४ तासांचं असतं: परदेशी प्रौढाला ६० डॉलर, वर १८ टक्के व्हॅट, म्हणजे ७०.८०. शेजारच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करून त्याच वाटेनं परतलात की ते पुन्हा भरावं लागतं. ‘सर्व शुल्क समाविष्ट’ यावर अजिबात विसंबू नका. किती वेळा भरलंय आणि ओल्डुवाईचं वेगळं तिकीट त्यात आहे का, हे लेखी घ्या. गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात उतरायचं गाडीमागचं शुल्कही निराळं.

केनियात मुक्काम करून भारतात परतणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. लस घेतल्यावर १० दिवस होईपर्यंत दाखला लागू होत नाही.