आज्जीची मिसरी, नातवाचा ब्रश

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात करवीर तालुक्यातून एक आज्जी आल्या. खालचे पुढचे दोन दात हलत होते. सोबत नातू, तालमीतला, वय २१, तंबाखूला कधी न शिवलेला. "डॉक्टर, दिवसातनं चार येळा मिसरी लावती. सांगून दमलो," त्यानं आल्या आल्या तक्रार केली.

आज्जींच्या हिरड्या पार उतरल्या होत्या, दातांच्या आतल्या बाजूला कीटणाचा जाड थर. "पण रगात कधी आलं न्हाई बाई," त्या म्हणाल्या. या वाक्याची मला फार भीती वाटते. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूडच. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असतं, पण रक्त फारसं दिसत नाही, दुखतही नाही. मग माणूस निर्धास्त राहतो.

मी औषधं लिहीत होते तेवढ्यात नातू गार पाणी प्यायला आणि त्यानं डावा गाल धरला. विचारलं तर म्हणाला, "शिवशिवतंय. थंडाईबी उजव्या अंगानंच पितो." लगेच खुर्चीत बसवलं.

दात स्वच्छ, कीटण नाही. पण वर डावीकडे सुळ्यापासून उपदाढांपर्यंत हिरडी ३ मिलिमीटर सरकलेली, पिवळट मुळं उघडी, मुळाशी खाचा. उजवीकडे जेमतेम १. कडक ब्रश, दिवसातून तीनदा, आडवा रेटून. उजव्या हातानं घासणाऱ्याचा जोर बहुधा डावीकडच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर पडतो. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं कडक कवच, नसतं, म्हणून गार लागलं की कळ जाते.

"हिरडी परत येईल न्हवं?" त्याचा चेहरा उतरला होता. नाही, गेलेली हिरडी आपोआप भरून येत नाही. टाळूचा पातळ तुकडा काढून तिथं शिवता येतो, पण घासायची पद्धत तीच राहिली तर तोही टिकत नाही. मी त्याच्या हातात मऊ ब्रश दिला, पेनासारखा धरायला लावला आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलकेच फिरवून घेतला. चार वेळा चुकला. आज्जी शेजारी बसून एकटक बघत होत्या.

सहा महिन्यांनी मोजलं तर आकडा ३ वरच होता. मला फार बरं वाटलं. आज्जींचे ते दोन दात मात्र काढावे लागले. मिसरी आता एकदाच, झोपायच्या आधी. तीही सुटावी म्हणून मी दर भेटीला त्यांचा हात धरून बोलते.