तुम्ही डुकरं पाळता का?

नेदरलँड्समध्ये हॉस्पिटलात ॲडमिट व्हायचं तर ताप किती, दुखतं कुठे यासोबत आणखी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन महिन्यांत परदेशातल्या हॉस्पिटलात होतात का? आणि डुकरांच्या, वासरांच्या किंवा कोंबड्यांच्या फार्मवर काम करता का?

दुसऱ्यावर आम्ही हसलो. पहिल्याचं उत्तर मात्र 'हो'. नवरा दिवाळीत पुण्यात डेंग्यूनं ॲडमिट होता. झालं! किडनीच्या इन्फेक्शननं फणफणलेला माणूस थेट स्वतंत्र खोलीत. नर्स आत येणार ती गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज चढवूनच. नाका-घशातले स्वॅब घेतले, ते वेगळेच. 'मी काय महारोगी आहे का?' म्हणून नवरा चिडला.

भीती होती एमआरएसएची, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूची. 'शोधा आणि नष्ट करा' हे इथलं जुनं धोरण. डच डुक्करपालकांमध्येही हा जंतू सापडला, म्हणून तो फार्मचा प्रश्न. इथे रक्तातल्या स्टॅफिलोकोकसपैकी जेमतेम १-२ टक्के एमआरएसए निघतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अहवालांत आपल्याकडचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. चिडायला जागा उरली नाही.

त्याहून बोलकी गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली. २०१४पासून इथल्या प्रत्येक हॉस्पिटलात अँटिबायोटिक्सच्या वापरावर लक्ष ठेवणारी 'ए-टीम' असते: मायक्रोबायोलॉजिस्ट, संसर्गतज्ज्ञ, फार्मासिस्ट. कल्चरचा रिपोर्ट आला, ताप उतरला होता, आणि टीमच्या सल्ल्यावरून शिरेतलं औषध बंद करून गोळी सुरू झाली, तीही मोजक्याच जंतूंवर चालणारी.

सासूबाई फोनवर हादरल्या. "अगं, पॉवरफुल औषध एवढ्यात बंद? आणि तू काही बोलली नाहीस?"

"अहो आई, कोणता जंतू आहे ते कळलंय. सरसकट मारणारं औषध चालू ठेवलं तर पोटातले चांगले जंतूही मरतात, आणि औषधाला न बधणारे तेवढे माजतात."

"बघ बाई."

पुण्याच्या त्या डेंग्यूच्या डिस्चार्ज कार्डावर दोन अँटिबायोटिक्स होती. डेंग्यू विषाणूचा, त्यावर ती चालतच नाहीत. इथल्या डॉक्टरीणबाईंनी अगदी सरळपणे विचारलं, "ही कशासाठी?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

प्रत्येकाला स्वतंत्र खोली आपल्या सरकारी दवाखान्यांना परवडणार नाही, मान्य. पण तिसऱ्या दिवशी फार्मासिस्टनं मोठ्या सरांना फोन करून 'हे अजून लागतंय का?' विचारायला कितीसा खर्च येतो? सरांनी तो फोन ऐकून घ्यायला हवा, एवढंच.

स्वॅब निगेटिव्ह आले. नवऱ्याला खोलीबाहेर फिरायची मुभा मिळाली, आणि तासाभरात डिस्चार्जही.