कागदावर १८०, पसरणी घाटात किती? पुणे–वाई–पाचगणी आणि तीन इलेक्ट्रिक बाइक

शोरूममध्ये रेंज विचारली की जो आकडा मिळतो तो आयडीसीचा, म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकलचा. ही चाचणी रोलरवर होते. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२च्या आसपास. समोरून वारा नाही, चढ नाही, मागे हॉर्न वाजवणारा ट्रक नाही. त्या आकड्यावर विसंबून पाचगणीचा बेत आखला तर गाडी सुरूर फाट्याच्या आसपास ढकलावी लागेल. सेल्समन खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो.

फेब्रुवारी २०२५, स्वारगेट ते पाचगणी, सुमारे १०० किलोमीटर. तीन बाइक: रिव्होल्ट आरव्ही४०० (३.२४ युनिटची बॅटरी, वजन १०८ किलो), आपल्या पुण्याचीच टॉर्क क्रॅटोस आर (४ युनिट, १४० किलो) आणि अल्ट्राव्हायोलेट एफ७७ माक २ रेकॉन (१०.३ युनिट, २०७ किलो). रिव्होल्टचा ड्राइव्ह बेल्टचा, एफ७७चा चेनचा. आयडीसीचे दावे अनुक्रमे १५०, १८० आणि ३२३ किलोमीटर. क्रॅटोसबाबत कंपनीने प्रत्यक्ष रेंज १२० असंही स्वतःच सांगितलं आहे, हे तिच्या बाजूने. रिव्होल्टचे १५० फक्त इको मोडमध्ये, आणि इकोमध्ये वेग ४५ला अडतो. महामार्गावर ४५ने चालवणं म्हणजे कंटेनरला पाठ दाखवून बसणं. नॉर्मलमध्ये दावा १०० किलोमीटरचा, ६५च्या वेगाला. स्पोर्टमध्ये ८० किलोमीटरचा, ८५च्या वेगाला. रेंजचं सगळं गणित त्या तीन आकड्यांतच आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ७५ किलोचा एक माणूस, जॅकेट-हेल्मेट आणि एक सॅक धरून सपाटीचा हिशोब असा: ताशी ५०ला किलोमीटरमागे ३३ वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट), ६०ला ४२, ८०ला ६५च्या पुढे. म्हणजे ६०वरून ८०वर गेलात तर रेंजचा तिसरा हिस्सा गेला, आणि वाईपर्यंत वाचली जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. दुसरी कुठलीही गोष्ट इतका फरक पाडत नाही. टायरमध्ये हवा कमी असणं वाईटच, पण ते याच्या पासंगालाही पुरत नाही. वेग धरून ठेवा.

कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ: सोपा रस्ता, लिहिण्यासारखं काही नाही. टोल दुचाकीला नाही. साडेपाचला निघा म्हणजे नवले पुलाची कटकट टळते. शिरवळ स्वारगेटपासून ५० किलोमीटर. इथे पोचताना रिव्होल्टमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास उरतात, क्रॅटोसमध्ये साठीच्या आत, आणि एफ७७चा चालक अजून बॅटरीकडे बघतच नसतो.

आता चार्जिंग. शिरवळच्या पुढे-मागे ज्या ढाब्यावर थांबाल तिथे १५ अँपिअरचा प्लग मिळेल, पण आधी भाव ठरवा. एका ढाब्यावर दोन तासांचे २०० रुपये मागितले. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर सोबत होता, त्यावर आकडा आला १.४ युनिट. म्हणजे युनिटला १४३ रुपये. व्यापारी दर कितीही चढा धरा, अगदी २० रुपये, तरी वीज झाली २८ रुपयांची. त्या २०० रुपयांत जवळपास दोन लिटर पेट्रोल येतं आणि १२५ सीसीची कुठलीही बाइक त्यावर शंभर किलोमीटर पळते. इथे १.४ युनिटांत तेहतीस. मालकाचं म्हणणं, 'गाडी चार्जिंगचा रेट हाच आहे.' त्याच्या डोक्यात चारचाकी असते, आणि बाइकचा चार्जर मोठ्या इस्त्रीपेक्षाही कमी वीज खातो हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून हा मीटर न्याच. हजाराच्या आत मिळतो आणि काही थांब्यांत वसूल होतो. आधी सांगायचं, 'दादा, मीटरप्रमाणे युनिटला २५ देतो, जेवण इथेच करतो.' बहुतेक जण मान्य करतात. नाही केलं तर पुढचा ढाबा.

मीटरखेरीज सॅकमध्ये हवी ती तीन गाभ्यांची तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर, पाच मीटर, दोन्ही टोकांना १६ अँपिअरचे प्लग-सॉकेट. वायर पूर्ण उलगडून लावा. गुंडाळी तशीच ठेवून तास-दोन तास करंट नेला की ती तापते आणि आतलं इन्सुलेशन मऊ पडतं. सॉकेटला अर्थिंग आहे का ते दाखवणारा तीन दिव्यांचा टेस्टरही ठेवा. ढाब्यावरच्या निम्म्या सॉकेटांचं तिसरं भोक शोभेचं असतं. अर्थिंग नसेल तर काही चार्जर फॉल्ट दाखवून बंद राहतात, आणि लोकांना वाटतं बाइक बिघडली. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडलं तरी तेच होतं. चारचाकीच्या मोठ्या चार्जिंग स्टेशनवर तर जाऊच नका: तिथले सीसीएस-२ चार्जर साधारण दोनशे व्होल्टच्या वर काम करतात, आणि या लहान बाइकांच्या बॅटऱ्या ४८ किंवा ७२ व्होल्टच्या. नुसता प्लग जुळत नाही असं नाही, जुळला असता तरी चार्ज झाली नसती.

शिरवळनंतर खंडाळा (साताऱ्याचा, लोणावळ्याचा नव्हे) आणि खंबाटकी. या मार्गाची सगळी गंमत आणि सगळा ताप इथे आहे. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, परतताना बोगदा. नव्या जुळ्या बोगद्यांचं काम या फेरीच्या वेळी चालू होतं, ते खुले झाले असतील तर पुढचा परिच्छेद बाद समजा.

घाट तसा लांब नाही. घात करतो तो ट्रक. चढावर पहिल्या गियरमध्ये रांगणाऱ्या ट्रकच्या मागे बाइक चालते, थांबते, चालते. पेट्रोलच्या बाइकमध्ये क्लच जळतो, इथे मोटर आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) तापतात. चढावर शून्य वेगातून उठताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते आणि नेमकी तेव्हाच गार करणारी हवा नसते. ठराविक तापमानाच्या वर कंट्रोलर स्वतःहून ताकद उतरवतो. डॅशबोर्डवर इशारा दिसेल किंवा दिसणार नाही, पण थ्रॉटल पूर्ण पिळूनही बाइक २५च्या पुढे जात नाही. हा बिघाड नव्हे, बचाव आहे. पण मागून एसटी येत असते तेव्हा ते तत्त्वज्ञान सुचत नाही.

उपाय साधे आणि कंटाळवाणे. चढावर थांबलात तर बाइक ब्रेकवर धरा, थ्रॉटलवर तोलून धरू नका. थ्रॉटलवर तोलणं म्हणजे बाइक उभी आणि मोटर शेगडी. ट्रकला चिकटू नका. तो वीस-पंचवीस मीटर पुढे गेला की एका दमात निघा. स्पोर्ट मोड घाटाच्या आधीच काढा, मधल्या मोडमध्ये करंटला मर्यादा असते. ताकद उतरलीच तर डावीकडे, वळणाच्या नंतर, रस्त्याच्या पूर्ण बाहेर दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी ओतू नका. लहान बॅटरीच्या बाइकवर दोघं बसून एप्रिल-मेच्या दुपारी खंबाटकी? नको. सरळ नको.

सुरूर फाट्याला उजवीकडे वाई. स्वारगेटपासून वाईपर्यंत ८५ ते ८८ किलोमीटर. क्रॅटोस ५०-५५ने आणली असेल तर वीसेक टक्के शिल्लक. ६०च्या वर खेचली असेल तर वाईच्या आधीच धाप लागते. रिव्होल्ट शिरवळला दोन तास चार्ज करूनही वाईत २० टक्क्यांवर. आणि पसरणी घाटाला तिला लागतात बरोबर २० टक्के. डोळे उघडतात ते इथे.

पसरणीचा हिशोब लिहून ठेवा. वाई साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १२९०च्या आसपास. बारा किलोमीटरांत ५७० मीटर चढाई. आरव्ही४००ला ०.६३ युनिट, म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा. क्रॅटोस आरला ०.७०, म्हणजे १८ टक्के. एफ७७ रेकॉनला वजनामुळे सगळ्यात जास्त, ०.८६, पण तिच्या टाकीत ते जेमतेम साडेआठ टक्के. मागे कुणी बसलं की लहान दोघींना आणखी चार-पाच टक्के. त्यातच शेवटचे दहा-बारा टक्के असे असतात की बाइक तेव्हा पूर्ण ताकद देत नाही. ते घाटासाठी मोजूच नका. म्हणून वाईतून निघताना लहान बॅटरीत किमान ४० टक्के हवेत. वाईत नदीच्या घाटावरचा गणपती बघा, जेवा, दीड-दोन तास प्लग लावा.

उतरताना रीजनने (थ्रॉटल सोडल्यावर मोटरच बाइकला रोखून वीज परत बॅटरीत भरते त्याने) बॅटरी भरेल ही समजूतही सोडा. चढताना दिलेल्या ऊर्जेतला मोठा भाग उतरताना हवा आणि टायरच खातात. उरलेल्यापैकी परत येतं ते चार युनिटच्या बॅटरीत दोन-तीन टक्के. रीजनचा खरा फायदा ब्रेक वाचतात हा. पण पाचगणीतून १०० टक्के भरून निघालात तर तोही नाही: भरलेल्या बॅटरीत आणखी काही शिरत नाही, म्हणून पहिल्या काही वळणांवर रीजन जवळजवळ गायब असतं. सवयीने थ्रॉटल सोडाल आणि बाइक धावतच राहील. ९० टक्क्यांवर प्लग काढा.

आता निकाल.

रिव्होल्ट शहराची बाइक आहे, तिला घाटात नेऊन तिची परीक्षा घेणं अन्याय आहे. बॅटरी बाहेर निघते हा तिचा हुकमाचा एक्का. पेठेतल्या जुन्या इमारतीत, जिथे पार्किंगला सॉकेट द्यायला सोसायटी तयार नाही, तिथे दुसरा पर्यायच नाही. मात्र बॅटरीचं वजन वीस किलोच्या जवळपास. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर रोजचा व्यायाम धरा. पाचगणी: नाही.

क्रॅटोस आर रोज ४०-५० किलोमीटर, महिन्यातून एखादा सिंहगड, यासाठी पुरेशी. कमाल वेग १०५, ताकद ९ किलोवॉट, त्यामुळे ओव्हरटेक करताना देव आठवत नाहीत. पाचगणी: जमते, ५०-५५चा संयम असेल तर. त्याच वर्गातली ओबेन रॉर या फेरीत नव्हती. ४.४ युनिटची बॅटरी आणि एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल म्हणून ती जरूर चालवून बघा: हे सेल उष्णता जास्त सोसतात आणि जास्त चार्ज-फेऱ्या टिकतात. दोन्हीत घेण्यापूर्वी घराजवळचं सर्व्हिस सेंटर प्रत्यक्ष जाऊन पाहा. कंट्रोलरचा सुटा भाग किती दिवसांत येतो ते काउंटरवरच्या माणसाला नव्हे, तिथे बाइक घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला विचारा.

आणि एफ७७. पसरणीत ती ज्या पद्धतीने वळणातून बाहेर पडते त्याला तोड नाही. गियर नाही, आवाज नाही, थ्रॉटल फिरवलं की १०० न्यूटन-मीटर लगेच हजर. पाचगणीजवळच्या हॅरिसन फॉलीच्या वळणांवर बाकी दोघी टक्के मोजत असतात, ही मजा मोजते. चालवायला आवडती कुठली, तर हीच, वादच नाही. ६०ने आणली तर पाचगणीत निम्मी बॅटरी शिल्लक, ८०ने आणली तर तिसरा हिस्सा. पहिल्या प्रकारात न चार्ज करता पुण्याला परतता येतं, पण कात्रज येईतो दहा टक्क्यांवर. रात्रभर प्लग मिळत असेल तर हे धाडस कशाला? तोटे स्पष्ट: २०२४ साली बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम ३.९९ लाख, मनगटांवर भार, मागची सीट फक्त नावाला, आणि २०७ किलो तुळशीबागेच्या पार्किंगमधून मागे ओढताना दहा जण बघत उभे राहतात. रोज मंडईत जायला घेत असाल तर घेऊ नका.

शोरूमची टेस्ट राइड दोन किलोमीटर सपाटीवर असते, तिचा उपयोग शून्य. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढू द्या म्हणून हट्ट धरा, मागे माणूस बसवून. मध्ये चढावर थांबा, पुन्हा उठवा, असं पाच वेळा. वर पोचल्यावर किती टक्के गेले आणि पाचव्या वेळी ताकद तीच होती का, एवढं बघा. नाही म्हणाले तर दुसरी डीलरशिप.

पाचगणीतला दिवस छान गेला. परतीला दुपारी तीनच्या आत निघा. रविवारी संध्याकाळी खेड शिवापूर ते कात्रज बोगदा मुंगीच्या वेगाने चालतं. बॅटरीचं त्यात फार बिघडत नाही, थांबलेली मोटर वीज खात नाही, पण हेडलाइट, डिस्प्ले आणि तुमची मनगटं चालूच असतात. खंबाटकीच्या बोगद्यानंतर उतारावर एस आकाराचं वळण आहे, तिथे डाव्या लेनमध्ये राहा. एफ७७ असेल तर घरी पोचल्यावर चेन गरम असतानाच ल्यूब मारा. बेल्टच्या बाइका असतील तर पुलीच्या दातांत खडी अडकली आहे का ते टॉर्चने बघा. एक खडा बेल्टला चीर पाडायला पुरतो.