मुंबई दर्शन, आणि तीन हात नाक्यावर न आलेली बस

ठाण्याहून बसने मुंबई दर्शन करायचं असेल तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: गाडी मुळात कुठून सुटते आणि आपल्याला घेतल्यावर आणखी कुठे कुठे जाते? आमच्या पावतीवर फक्त "पिकअप: तीन हात नाका, सकाळी ७.१५" एवढंच होतं. ती गाडी कल्याणहून निघून, ठाणे करून, पुढे नवी मुंबईतल्या ऐरोली आणि वाशीची माणसं घेऊन मग मुंबईत शिरणार होती, हे बुकिंग करताना कोणी अवाक्षरानेही सांगितलं नाही.

मे महिन्यातला रविवार. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, दोन्ही मुलं शाळेत जाणारी, मी आणि नवरा. आईंची फार दिवसांची इच्छा होती की नातवंडांना भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय, आणि गेटवे आपण स्वतः दाखवायचं. गाडी केली तर नवरा दिवसभर पार्किंग शोधत फिरणार, म्हणून बस घेतली. बुकिंगला काहीच त्रास झाला नाही. पैसे घेताना कोण त्रास देतं?

आम्ही सातलाच नाक्यावर हजर. तीन हात नाका म्हणजे नक्की कुठे, हाही प्रश्नच असतो. पुलाखाली, सर्व्हिस रोडला की मुलुंडच्या बाजूला? आदल्या रात्री मी फोन करून "सर्व्हिस रोड, मुंबईकडे जाणारी बाजू" हे वदवून घेतलं होतं, ते बरं झालं. आमच्यासारखीच आणखी दोन कुटुंबं पिशव्या घेऊन उभी होती. साडेसात झाले. फोन केला. "मॅडम, गाडी निघालीय, दहा मिनिटांत येते." पावणेआठला पुन्हा तेच वाक्य. आठला फोन उचललाच नाही.

हायवेलगत म्हाताऱ्या माणसाला बसायला साधा कट्टा नाही. ऊन चढायला लागलं. आईंना स्वच्छतागृहात जायचं होतं आणि त्या संकोचाने बोलत नव्हत्या. शेवटी मीच विचारलं. रस्ता ओलांडून एक हॉटेल नुकतं उघडलेलं दिसलं, तिथे चहा घेतला आणि त्यांची सोय झाली. पण तेवढ्यात गाडी येऊन निघून गेली तर, या धास्तीने नवरा एकटा नाक्यावर उभा. सहलीचे पैसे भरलेल्या माणसांनी चहाही पाळीपाळीने प्यायचा, याचा मला अजून राग आहे.

सव्वाआठच्या सुमाराला माझा धीर संपला. पावतीवर ड्रायव्हरचा नंबर होता. त्याला सरळ सांगितलं, "दादा, तुमच्यावर रागावत नाहीये, फक्त लाइव्ह लोकेशन पाठवा." तो बिचारा प्रामाणिक निघाला, लगेच पाठवलं. ठिपका कल्याणच्या पत्री पुलावर होता! म्हणजे "दहा मिनिटांत येते" हे पहिल्यापासून खोटं होतं. त्यानेच सांगितलं की कल्याणमधली दोन ठिकाणं अजून बाकी आहेत, मग ठाणे, मग ऐरोली, मग वाशी. राणीच्या बागेत साडेनऊला दरवाजा उघडताच पोचायचं, असं आमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं. हिशोब केला तर साडेअकराच्या आत ही गाडी भायखळ्याला लागणं शक्यच नव्हतं.

ठाण्याच्या माणसाने भायखळ्याला जायला आधी ऐरोली आणि वाशी का पाहायची? इथून लोकल सरळ भायखळ्याला जाते. आपण ट्रेनने पुढे जाऊ आणि बस तिथे पकडू, असं मी ठरवलं. ऑफिसला फोन लावला, तर वेगळंच सुरू झालं. "मॅडम, मधूनच कुठे चढता येणार नाही. नाक्यावर नसाल तर नो शो धरतो. पैसे जातील."

मी पावती उलटी केली आणि मागच्या अटी त्यांना वाचून दाखवल्या. प्रवाशाला उशीर झाला तर गाडी पंधरा मिनिटं थांबेल, असं लिहिलं होतं. गाडीलाच उशीर झाला तर प्रवाशाने किती थांबायचं, यावर एक ओळही नव्हती. दुसरीकडे चढायला मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. "कुठल्या अटीत आहे ते सांगा, मी इथेच थांबते," म्हटलं. मग "साहेबांना विचारतो." मग साहेब. साहेबांनी आधी आवाज चढवला, पण ड्रायव्हरचं लोकेशन माझ्याकडे आहे म्हटल्यावर उतरवला. मी आवाज अजिबात वाढवला नाही, एवढंच सांगितलं की मेसेज लिहून पाठवते, त्याला होकार द्या. मेसेज असा: "आमचे पाच प्रवासी राणीच्या बागेच्या मुख्य दरवाजापाशी गाडीत चढतील. आमच्या सीट राखून ठेवाव्यात. सकाळी ७.१५ ची गाडी ८.३० पर्यंत आलेली नाही." आणि खाली सीट नंबर. "ओके" यायला बराच वेळ लागला, पण आला. त्या "ओके"शिवाय मी जागची हलले नसते. फोनवरचं बोलणं संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

नाक्यावरच्या एका कुटुंबालाही हे सांगितलं. ते थांबले. त्यांची गाडी साडेनवानंतर आली, असं नंतर कळलं.

रिक्षाने स्टेशन गाठलं. आई बरोबर होत्या म्हणून फास्टच्या नादी न लागता ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल घेतली. रविवार सकाळ, खिडक्यासुद्धा मिळाल्या. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्याला आली, हे आईंनी नातवंडांना गाडीतच सांगितलं. भायखळ्याला उतरलात तर स्टेशनची जुनी इमारत जरूर पाहा. तिच्या जतनाच्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळालाय. बाग पूर्वेच्या बाजूला, चालत जाण्यासारखी.

आणि बागेत आम्ही बसच्या कितीतरी आधी होतो! पेंग्विनच्या घरासमोर अजून गर्दी जमली नव्हती. मुलं काचेला नाक लावून मनसोक्त उभी राहिली. हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ मध्ये सोलहून इथे आणलेले. तिकिटाचं विसरण्याआधी सांगते: आई-वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं कौटुंबिक तिकीट मिळतं, ते मागून घ्या. आमच्या पॅकेजमध्ये प्रवेशशुल्क धरलेलंच नव्हतं, हेही बारीक अक्षरात होतं. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात.

शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीबाहेर एक दगडी हत्ती आहे. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तेव्हा तो उचलताना फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आई त्याच्यापाशी बराच वेळ थांबल्या. बसबरोबर आलो असतो तर हा हत्ती दिसलाच नसता, कारण बस पावणेबाराला लागली आणि सगळ्यांना पाऊण तासात परत यायला सांगितलं. त्या पाऊण तासात पेंग्विनची रांगसुद्धा पार होत नव्हती.

पुढचा दिवस ठीक गेला. सीट राखलेल्या होत्या. गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही दोन्ही कामं जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाची, हे लक्षात ठेवून पाहिलं तर मुलांना घुमटांमध्ये साम्य शोधायला मजा येते. संग्रहालयात तासभरच दिला. अकबराचं चिलखत पाहून थोरला तिथून हलेना. तिथे दोन तास तरी हवेत, बसवाले देणार नाहीत, म्हणून आधीच ठरवून फक्त शस्त्रांचं दालन गाठा. सोमवारची सहल घेऊ नका, घारापुरीची लेणी आणि वरळीचं तारांगण दोन्ही सोमवारी बंद. मलबार हिलच्या बागेतला म्हातारीचा बूट अंधार पडण्याआधी पाहून झाला. चौपाटीवर भेळ.

परतीला गाडी आधी वाशी, ऐरोली आणि मग ठाणे करणार, हे यावेळी मी दुपारीच विचारून ठेवलं होतं. दादरला उतरलो आणि लोकलने घरी आलो. रविवारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा दिवसा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, असतो, तेव्हा दुपारच्या गाड्यांवर अवलंबून राहू नका. रात्री अडचण येत नाही.

सोमवारी ऑफिसला लेखी अर्ज दिला: पिकअप मिळाला नाही, बागेतला वेळ कापला, पाच सीटचे त्या प्रमाणात पैसे परत द्या. सोबत पावती, लोकेशनचे स्क्रीनशॉट, तो "ओके". उत्तर आलं की पुढच्या सहलीत सवलत देतो. मला पुढची सहल नको आहे, पैसे हवे आहेत. म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाहीच झालं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. रक्कम लहान आहे हे मला माहीत आहे. तरी ती खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेणार नाही.