तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतला ड्यूक कुठे गेला?

सर्फिंग करणाऱ्या बायकांवरच्या माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाला दोन वर्षं झाली तरी हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. इसाबेल आहे, लाट आहे, लाकडी बोर्ड आहे, मग ड्यूक कुठाय? हॉलमधे आलेल्यांनी विचारलं, इथल्या मंडळाच्या गणपतीत विचारलं, परवा तर ठाण्याहून मामेभावाने व्हॉट्सॅपवर विचारलं, आणि तो जन्मात कधी गुडघ्याच्या वर समुद्रात गेलेला नाही. मी सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर देते, की ही मालिका बायकांची आहे, बाप्यांचे फोटो काढायला अख्खी दुनिया बसलीये. समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या फोटोकडे जातो, माझी सुटका होते. आज जरा नीट सांगते.

नवीन असाल तर थोडक्यात. 1915 च्या सुरुवातीला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, सिडनीच्या फ्रेशवॉटर बीचवर हवाईच्या ड्यूक कहानामोकूने पंधरा वर्षांच्या इसाबेल लेथमला आपल्या बोर्डवर पुढे घेतलं आणि दोघं लाटेवरून आले. ड्यूक म्हणजे 1912 च्या ऑलिम्पिकमधे 100 मीटर पोहण्याचं सुवर्ण जिंकलेला माणूस. बोर्डवर उभी राहिलेली पहिली ऑस्ट्रेलियन व्यक्ती इसाबेलच, असं कित्येक वर्षं छापून यायचं. आता टॉमी वॉकर, इस्मा अमोर अशी शेजारच्या मॅनली बीचची तिच्याआधीची नावं घेतात. घेऊ देत, मला पहिला नंबर कोणाचा यात रस नाही. मला ती आवडते कारण ती नंतर अमेरिकेला गेली, सॅन फ्रान्सिस्कोत पोहणं शिकवलं, आणि मॅनलीच्या लाइफ सेव्हिंग क्लबने, म्हणजे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्यांच्या क्लबने, मात्र तिला मेंबर करून घेतलं नाही, बाईमाणसाला खवळलेला समुद्र झेपणार नाही म्हणून! इथल्या क्लबांनी बायकांना रीतसर लाइफसेव्हर म्हणून घेतलं ते 1980 मधे. तेव्हा ती 81 वर्षांची होती.

तर त्या लाटेबद्दल तिने स्वतः सांगून ठेवलंय. लाटेच्या माथ्यावरून खाली पाहिलं तर कड्यावरून पाहिल्यासारखं वाटलं, ती घाबरून नको नको ओरडली, ड्यूक हो हो म्हणाला, आणि मानगूट धरून त्याने तिला उभं केलं.

मी अडकले ती त्या मानगुटीपाशी. मानेवरचा हात, मुलीचा चेहरा, अर्धी घाबरलेली अर्धी उभी. मला तो फोटो हवाच होता, तोच क्षण आजच्या माणसांकडून पुन्हा करवून.

माझ्या ओळखीची एक तेवीस वर्षांची मुलगी आहे, लहान मुलांना सर्फिंग शिकवते, तिला विचारलं, ती एका पायावर तयार. ड्यूकच्या जागी एक चाळिशीचा, टँडम सर्फिंगमधला, म्हणजे एकाच बोर्डवर दोघांनी करायच्या सर्फिंगमधला, मुरलेला माणूस. स्विमिंग कॉस्च्यूम मी स्वतः शिवला होता, तेव्हाच्यासारखा लोकरीचा. तो भिजला की इतका जड होतो की खांद्यावरून ओघळतच राहतो. मला आजी आठवली, मुरूडला नऊवारीसकट समुद्रात जायची आणि बाहेर येताना एका हाताने ओचा सावरायची. बोर्ड तर भरीव लाकडाचा, किनाऱ्यावरून हलवायलाच तिघं लागायची.

मी पाण्यात, पायात फिन्स, हातात हाउसिंगमधला, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पेटीतला कॅमेरा. दर लाटेच्या आधी पुढची काच जिभेने चाटायची, म्हणजे तिच्यावर थेंब धरत नाहीत, अख्खी सकाळ तोंडात खारट आणि सनस्क्रीनची कडू चव. फिशआय, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स असली की लांबून काही हाती लागत नाही, हातभर अंतरावर जावं लागतं, बोर्ड अक्षरशः कानाजवळून जातो. पाच लाटा वाया गेल्या. ती त्याचा हात पोचायच्या आतच स्वतःच उभी राहायची, सवयच ती, नाहीतर हात खांद्यावर पडायचा. शेवटी मी ओरडले, "मानेला धर, जरा जोरात, खरं दिसू दे." त्याने तिला विचारलं, तिने अंगठा दाखवला.

सहावी लाट मोठी होती, उभीच्या उभी. तिने खाली पाहिलं आणि "नो, नो" म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं, वा, काय ॲक्टिंग करतेय, शब्दसुद्धा तेच! त्यालाही तसंच वाटलं असणार. त्याने मानगूट धरून खेचलं, मी बटण दाबून ठेवलं, अकरा फ्रेम्स, मग बोर्डचं नाक पाण्यात घुसलं आणि दोघं आत गेले. ती वर आली, खोकत होती, ते मला दिसलं. आणि मी आधी कॅमेऱ्याची स्क्रीन पाहिली. दोन सेकंद असतील, तीन. हेच मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

किनाऱ्यावर ती मानेवर हात ठेवून बसली होती, लोकर मांड्यांपर्यंत लोंबत होती.

"तू ऐकलंस ना?"

"मला वाटलं डायलॉग बोलतेयस."

"मी पण डायलॉगच सुरू केला होता. मधेच खरा झाला."

भांडली नाही. टॉवेल गुंडाळला आणि बोर्ड ओढायला आम्हाला मदत केली. दोन दिवसांनी मेसेज आला की लावायचा असेल तर लाव, माझी हरकत नाही. मी नाही लावला. प्रदर्शनात आहे तो दुसऱ्या दिवशीचा, त्याच कॉस्च्यूममधे, एकटी, गुडघ्यावर. बराय. सातवी फ्रेम मात्र मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे, हे लिहितानाही लाज वाटतेय पण आहे.

एवढंच असतं तर एक चूक झाली म्हणून सोडून दिलं असतं. पण शेवटच्या दिवशी पांढऱ्या केसांच्या एक हवाईच्या बाई आल्या, त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि माझं ठरलेलं उत्तर शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, आमच्याकडे राजघराण्यातल्या बायका तुमच्या इसाबेलच्या कितीतरी आधीपासून लाटांवर होत्या, ड्यूक ती कला घेऊन इथे आला, आणि तुझ्यासारख्या सावळ्या बाईने एका गोऱ्या मुलीचा मान राखायला त्यालाच पुसून टाकलं? मी काहीतरी पुटपुटले. घरी येताना गाडीत त्यांच्याशी जोरजोरात भांडले, एकटीच. म्हटलं, फ्रेशवॉटरच्या टेकाडावर ड्यूकचा पुतळा आहे, त्याने इथे बनवलेला बोर्ड क्लबने जपून ठेवलाय, माझ्या एका फोटोत नसला तर त्याचं काय बिघडणारे?

त्याचं काही बिघडत नाही हो. पण मी त्याला वगळलं ते बायकांची मालिका म्हणून नाहीच, मला तो हात बघवत नव्हता म्हणून. आणि "जोरात धर" हे ना ड्यूकने म्हटलं होतं ना माझ्या त्या मित्राने, ते मी म्हटलं होतं. गुन्हा फोटोवालीचा आणि हद्दपार झाला तो.

मग काय, त्याला परत आणू? म्हणजे पुन्हा कोणाचीतरी मान. हात मानेऐवजी दंडाला लावला तर ते इसाबेलने सांगितलेलं राहत नाही. आणि ती स्वतः तर त्या लाटेपासून सर्फिंगच्या प्रेमात पडली, 1995 मधे जाईपर्यंत तिची ओळख त्याच लाटेची. तिची तक्रार नव्हती, मग मी कोण तिच्या वतीने रुसणारी? असं एक दिवस वाटतं. दुसऱ्या दिवशी ते "नो, नो" कानात येतं.

मागच्या आठवड्यात त्या मुलीने विचारलं, ती फ्रेम अजून आहे का? आहे म्हटलं. पाठव म्हणाली, बघायचीये. मी सांगितलं फाइल फार मोठी आहे, मेलवर जात नाही. कॉफीला ये, पेन ड्राइव्ह घेऊन ये, असं तिचं उत्तर आलंय.